गोजिराची डरकाळी, नऊ मात्रा आणि अकिरा इफुकुबे

खर्जसप्तक:
मूळ जपानी ‘गोजिरा’ (१९५४), म्हणजे इंग्रजीतला गॉडझिला, पाहिला. संगीत अकिरा इफुकुबे यांचं. जाणकारांना तीन प्रश्न.

त्यातल्या महाकाय प्राण्याची डरकाळी कॉन्ट्राबासवर (व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत मोठं, खर्जाचं वाद्य) काढली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण नेमकी कशी? गज फिरवून असा आवाज निघत नाही. लघुपटासाठी तसं काही करायचं आहे, हाताशी असलेल्या साधनांत जमेल का?

दुसरं, शीर्षकसंगीताची धून पेटीवर बसवायची आहे. केरव्यात बसत नाही, दादऱ्यातही नाही. ठेका कुठेतरी सांडतो.

तिसरं, हे गृहस्थ वनखात्यात नोकरीला होते म्हणे. तिथून सिनेमात कसे आले? आणि गोजिरा सोडून त्यांचं काय ऐकावं?

राळ:
गज वापरलाच नव्हता. आधी प्राण्यांचे आवाज घेऊन पाहिले, त्यातून काही जमेना. मग इफुकुबेंनी कॉन्ट्राबासची तार ढिली करून, राळ लावलेला चामड्याचा हातमोजा तारेवरून लांबीच्या दिशेने ओढायची कल्पना काढली. ते ध्वनिमुद्रण मंद गतीने वाजवलं. गज तारेला आडवा घासतो, इथे हात तारेच्या बाजूनेच सरकतो. राळेमुळे चामडं तारेला धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. शिवाय तार ढिली असल्यामुळे सूर एका जागी ठरत नाही, घसरत राहतो. तो ‘गळ्यातून’ आल्यासारखा वाटतो त्याचं कारण हेच.

तुम्हाला करायचं असेल तर कॉन्ट्राबास किंवा चेलो मिळवा आणि फक्त सर्वांत जाड तार सैल करा. चारही तारा एकदम सोडल्या तर घोडी सरकते आणि वाद्याच्या पोटात नुसत्या दाबावर उभी असलेली काठी पडते. ती पुन्हा उभी करायला कारागीरच लागतो. तार इतकीही सोडू नका की ती पट्टीवर आपटून फटफट करेल. हातमोजा पातळ, अस्तर नसलेल्या चामड्याचा हवा. नायलॉन किंवा रबर राळ नीट धरत नाही. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच राळ तळव्यावर आणि बोटांच्या आतल्या बाजूला घासा, चिकटपणा जाणवेपर्यंत. मग तार मुठीत पकडून दोन-तीन सेकंदांची एकच सलग ओढ. दर चार-पाच ओढींनंतर पुन्हा राळ लावावी लागते.

ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झवर घ्या. वेग निम्मा केला की सगळ्या कंपनसंख्या निम्म्या होतात. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये मुळात २४ किलोहर्ट्झपर्यंतच ध्वनी मावतो, म्हणजे वेग पाव केला की ६ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही आणि डरकाळी गोधडीखालून आल्यासारखी लागते. माइकही वरचे सूर पकडणारा हवा, नाहीतर ९६चा काही उपयोग नाही. संपादन करताना वेग आणि सूर एकत्र उतरवणारा पर्याय निवडा. लांबी कायम ठेवून नुसता सूर उतरवणारी सोय वापरलीत तर आवाजात डिजिटल थरथर येते. ५० टक्क्यांपासून सुरू करून ३५पर्यंत उतरून बघा. ३५ टक्क्यांना सूर साधारण दीड सप्तक खाली जातो.

कॉन्ट्राबास नसेल तर तेलाचा ५ लिटरचा पत्र्याचा डबा चालतो. एक तोंड पूर्ण कापून टाका, समोरच्या पत्र्याच्या मधोमध बारीक भोक पाडा, त्यातून जाड सुती दोरी ओवून आत वॉशर लावून गाठ मारा. दोरीला राळ चोळा आणि राळ लावलेल्या चामड्याने ती ओढा. पाश्चात्त्य वाद्यवृंदात सिंहगर्जनेसाठी याच तत्त्वावरचा ढोल असतो. फक्त कापलेल्या पत्र्याची कड दुमडून घ्या.

पांढरी_सहा:
धुनीचं मी सांगतो. पांढरी सहाला सा धरा. मग काळ्या पट्ट्यांना हातच लावावा लागत नाही: वरची पांढरी एक म्हणजे कोमल ग, पांढरी सात शुद्ध रे, पांढरी पाच खालचा कोमल नी. एवढ्या चार सुरांत मुख्य ओळ होते.

ग रे सा – | ग रे सा – | ग रे सा नी सा रे ग रे सा –

(ग आणि नी कोमल, नी मंद्र.) प्रत्येक सुराला अर्धी मात्रा, आडव्या रेघेलाही अर्धी. मोजा: ४ + ४ + १० = १८ अर्ध्या मात्रा, म्हणजे ९ मात्रा. पाश्चात्त्य लिपीत हेच चारचा एक खंड आणि पाचचा एक खंड असं आलटून पालटून लिहितात.

ठेका का सांडतो तेही यातच आहे. अर्ध्या मात्रा मोजून केरवा धरला तर पहिलं आवर्तन ८चं नेमकं बसतं, दुसऱ्यात दोन जास्त उरतात. दादऱ्याची गंमत वेगळी. सहाची तीन आवर्तनं म्हणजे १८, हिशेब तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. तुकडे सुरू होतात १, ५ आणि ९ वर, आणि दादऱ्याची सम येते १, ७ आणि १३ वर. सातव्या जागी दुसऱ्या तुकड्यातला सा आहे, तेराव्या जागी शेवटच्या तुकड्याच्या मधला सा. दोन्हीकडे जोर भलत्याच सुरावर पडतो. तबलजीला ठेका धरायला सांगू नका. प्रत्येक ‘ग’ने सुरू होणाऱ्या तुकड्याच्या तोंडावर डग्ग्याची एक थाप, बाकी मोकळं.

पेटीवर आणखी एक चूक हमखास होते. तिसऱ्या सुरानंतरची अर्धी मात्रा रिकामी आहे. तिथे बोट उचललं नाही आणि सा ओढत राहिला की धुनीची धार जाते. खाली कॉर्डही धरू नका.

आणि ही धून सुरुवातीला गोजिराची नव्हतीच. शीर्षकं सोडली तर १९५४च्या चित्रपटात ती त्याच्याशी लढायला निघालेल्या सैन्याबरोबर येते. तिचं बीज त्याहून जुनं आहे, इफुकुबेंच्या १९४८च्या व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत ती ऐकू येते. प्राण्याची म्हणून ती पक्की झाली १९७५च्या चित्रपटात.

उत्तरेचा_वारा:
तिसरा प्रश्न मोठा आहे.

जन्म ३१ मे १९१४, होक्काइदो बेटावरचं कुशिरो. वडील पुढे ओतोफुके गावाचे प्रमुख झाले, त्यामुळे लहानपण आइनू लोकांच्या (होक्काइदोचे मूळ रहिवासी) शेजारात गेलं. त्यांची गाणी आणि नाच यांनी कान घडले. ठरावीक लहान सुरावट पुन्हा पुन्हा म्हणत जोर वाढवत नेण्याची जी इफुकुबेंची खूण मानतात, तिचं मूळ बरंचसं इथे शोधावं लागतं. संगीत संस्थेत ते शिकले नाहीत. व्हायोलिन आणि रचना स्वतःच शिकले आणि सापोरोच्या विद्यापीठात वनशास्त्राला गेले. सापोरोतला जिवलग मित्र फुमिओ हायासाका, पुढे दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘राशोमोन’ आणि ‘सेव्हन सामुराई’चा संगीतकार. दोघांनी मिळून १९३४मध्ये सापोरोत समकालीन संगीताची मैफल भरवली होती.

१९३५मध्ये रशियन संगीतकार अलेक्झांडर चेरेपनिन यांनी जपानी रचनाकारांसाठी स्पर्धा ठेवली, परीक्षण पॅरिसला. इफुकुबेंच्या ‘जपानी रॅप्सडी’ला पहिलं बक्षीस मिळालं. मुळात तिचे तीन भाग होते. स्पर्धेच्या वेळेच्या मर्यादेत बसवण्यासाठी पहिला काढून टाकला, म्हणून आज ‘निशागीत’ आणि ‘उत्सव’ असे दोनच वाजतात. १९३६मध्ये ती बोस्टनला वाजली, तेव्हा रचनाकार होक्काइदोत अक्केशीच्या जंगलात अधिकारी होता!

युद्धकाळात त्यांना लाकडाची ताकद वाढवण्याच्या संशोधनाला लावलं. क्ष-किरणांचं काम, आणि टंचाईमुळे शिशाचं संरक्षण नाही. थोरले बंधू इसाओ यांचा १९४२मध्ये किरणोत्सर्गाच्या परिणामाने मृत्यू झाला. १९४३ची ‘सिम्फनिक बॅलाड’ त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. इफुकुबे स्वतःही युद्ध संपता संपता आजारी पडले आणि वनखातं सुटलं. अणुचाचणीतून उठलेल्या प्राण्याचा चित्रपट त्यांनी गंभीरपणे का घेतला, हे यानंतर वेगळं सांगायला नको. हलका विषय आहे, नाव खराब होईल, असं सांगणारे तेव्हा होतेच.

१९४६पासून टोकियोच्या संगीत विद्यालयात शिकवू लागले. यासुशी आकुतागावा आणि तोशिरो मायुझुमी हे त्यांचे विद्यार्थी. पहिला चित्रपट १९४७चा ‘गिनरेई नो हाते’. पटकथा कुरोसावांची, अभिनेता तोशिरो मिफुनेचं पदार्पण, दिग्दर्शक सेन्किची तानिगुची. त्यात बर्फावर स्कीइंग करण्याचा आनंदी प्रसंग आहे. दिग्दर्शकाला तिथे खेळकर संगीत हवं होतं, इफुकुबेंनी इंग्लिश हॉर्नची (ओबोसारखं, पण खालच्या सुरातलं फुंकवाद्य) एकटी, संथ सुरावट दिली. वाद झाला, कुरोसावांनी मध्ये पडून मिटवला, सुरावट राहिली.

पुढे अडीचशेहून जास्त चित्रपट. सिनेमासंगीताची कामं ते चार मानत: स्थळ-काळ सांगणं, भावना उभी करणं (वेळी दृश्याच्या उलट जाऊन), प्रसंगांची सुरुवात-शेवट स्पष्ट करणं, आणि चौथं म्हणजे चित्र इतकं बोलकं असतं की त्यातूनच संगीताची गरज उठते ते. लघुपट करताय तर प्रत्येक तुकड्याला विचारा की तो यातलं कुठलं काम करतोय. एकही नसेल तर काढून टाका.

खर्जसप्तक:
आभार. राळ, एक उपप्रश्न. डब्याची दोरी ओढल्यावर गर्जनेऐवजी बारीक किंचाळी येते. मंद केली तरी मांजरच वाटतं.

राळ:
दाब कमी आणि वेग जास्त पडतोय. चिमटीत धरू नका, मूठ आवळा आणि निम्म्या वेगाने ओढा. दोरी ताठ ठेवायला दुसऱ्या कोणाला डबा धरायला सांगा. पत्रा फार जाड असला तरी तो थरथरत नाही, फक्त दोरीचा आवाज येतो, मग पातळ पत्र्याचा डबा घ्या. एकच ओढ वापरू नका. दोन ओढी वेगवेगळ्या वेगाने मंद करून एकावर एक ठेवा, दुसरी सुमारे अर्ध्या सेकंदाने उशिरा. पहिलीला सुरुवातीची धार, दुसरीला शेवटची घसरण.

पांढरी_सहा:
ऐकण्याबद्दल. आधी १९५४ची ‘सिन्फोनिया ताप्कारा’. गोजिराच्याच वर्षाची आहे, नाव आइनू नृत्यावरून. मग ‘रित्मिका ओस्तिनाता’ (१९६१), पियानो आणि वाद्यवृंद. नऊ मात्रांनी हैराण झालात तर ही ऐकून बघा, विषम मात्रांचा नुसता कारखाना आहे. शेवटी ‘सिम्फनिक फँटसी क्र. १’ (१९८३), ज्यात त्यांनी स्वतःच चित्रपटांतल्या धुना मैफलीसाठी गुंफल्या. तिन्ही नॅक्सॉस कंपनीच्या एकाच ध्वनिमुद्रिकेत आहेत, संचालन दिमित्री याब्लोन्स्की.

उत्तरेचा_वारा:
चित्रपटांत ‘बर्मीज हार्प’ (१९५६, कोन इचिकावा) आणि १९६२चा पहिला ‘झातोइची’ चुकवू नका. १९६६चे तिन्ही ‘दाइमाजिन’ही त्यांचेच.

यादी करताना घोटाळा होतो म्हणून सांगतो, गोजिरा मालिकेतलं सगळं त्यांचं नाही. दुसरा चित्रपट (१९५५) मासारू सातोंचा. १९६१च्या ‘मोसुरा’तलं दोन छोट्या बहिणींचं गाणं युजी कोसेकींचं, तेही इफुकुबेंच्या नावावर फिरत असतं. १९७५नंतर ते थेट १९९१मध्ये मालिकेत परतले आणि १९९५च्या ‘गोजिरा विरुद्ध देस्तोरोया’वर थांबले. मधल्या काळात, १९७६पासून, ते टोकियो कॉलेज ऑफ म्युझिकचे प्रमुख होते. २००६मध्ये गेले. २०१६च्या ‘शिन गोजिरा’त मुख्य संगीत शिरो सागिसूंचं आहे, पण इफुकुबेंचे तुकडे नव्याने न वाजवता त्यांची जुनी ध्वनिमुद्रणंच वापरली आहेत.