‘वाचायलाच हवीत’ म्हणे! कोकणावरच्या पुस्तकांच्या यादीला उत्तर

सड्यावरचा:
आठवडाभर एक पोस्ट फिरते आहे, ‘कोकणावरची वाचायलाच हवीत अशी नवी पुस्तके’. मुखपृष्ठांची माळ, प्रत्येकाखाली लाल माती, समुद्राची गाज आणि ‘संग्रही असावेच’. ग्रामेतिहास, कादंबरी, कविता सगळे एकाच हाऱ्यात. आत काय आहे याबद्दल अवाक्षर नाही.

इतिहासाचे पुस्तक तरी दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. मागे गावांची आणि माणसांची सूची आहे का? मोडी कागदाचे लिप्यंतर पूर्ण छापले आहे, की नुसते ‘जुन्या दप्तरावरून समजते’? आणि सनांची रूपांतरे. बहुतेकांची दांडी इथेच गुल होते. सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतला, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला सन) इसवी सनासाठी 599 मिळवायचे एवढे पाठ असते, वर्ष मृगाला बदलते हे नसते. मृगापासून डिसेंबरअखेर 599, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. ‘सीत खमसैन मया व अलफ’ म्हणजे सहा, पन्नास, शंभर, हजार. झाले 1156. त्या सालच्या, विजयदुर्ग पडल्याच्या फेब्रुवारीतल्या कागदाला 599 लावले की 1755 येते, आणि आंग्र्यांचा विजयदुर्ग त्यांच्याच सुवर्णदुर्गाच्याही आधी पडतो! सुवर्णदुर्ग गेला एप्रिल 1755 ला, विजयदुर्ग फेब्रुवारी 1756 ला. शकाचेही तसेच, जानेवारी उजाडला की 78 नव्हे, 79. कोणी फसली या महसुली सनाचे 590 सुहूरला लावतो, मग तर नऊ वर्षांचा खड्डा. हे ‘संग्रही असावेच’?

माजघर:
सड्यावरून जरा खाली उतरा. ग्रामेतिहास लिहिणारा विद्यापीठातून आलेला नसतो. पुस्तक निघते ते गाववाल्यांच्या वर्गणीतून. घरोघरचे मोडी रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) वाळवी खाते आहे आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पालखीचा मार्ग, गावऱ्हाटीतले (गावच्या देवकार्याच्या रिवाजातले) मानकरी, वाड्यांची, वहाळांची, तळ्यांची नावे कोणी लिहून ठेवली, तर ती कुठल्या पुराभिलेखागारात मिळणार आहेत? एका सनाच्या चुकीसाठी सगळे पुस्तक फेकायचे? तुमच्या चाळणीत 1880 चे रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर तेवढे उरेल.

सड्यावरचा:
गॅझेटियरच तर उरले आहे तुमच्या ग्रामेतिहासांत! सुरुवातीची प्रकरणे त्याचेच भाषांतर, नाव न घेता, आणि तेही डोळे मिटून. 1880 च्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ला होते. सावंतवाडी संस्थान वेगळे. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 ला. तेव्हाच्या जिल्ह्याची लोकसंख्या आजच्या रत्नागिरीशेजारी मांडून लोक स्थलांतराचे सिद्धांत काढतात. वाड्यांची नावे लिहिली, उत्तम. मग नकाशा का नाही? नकाशाशिवाय ‘वरची वाडी’ कोणाच्या वर?

तिर्धेली:
तुम्ही सनांवर भांडत बसा. कागद कोणाचे, हे कोणी विचारतच नाही. रुमाल टिकले ते बहुतांशी खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, माजघरात (आयडीवाल्या माजघरांनी मनाला लावून घेऊ नये). त्यावरून लिहिलेला ‘गावचा इतिहास’ म्हणजे कुलवृत्तांताला पुढेमागे शिवलेली पाने. देऊळ कोणी बांधले, आगर कोणी वसवले, सगळे येते. अर्धेल-तिर्धेल (पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा) घालणारी कुळे मात्र ‘गुण्यागोविंदाने नांदत होती’. चरीच्या कुळांचा खोतांविरुद्धचा संप 1933 ते 1939 चालला. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 ला मुंबई विधिमंडळात मांडले. कायदा झाला 1949 ला. खोती गावाचा इतिहास यातल्या एकाही सालाला न शिवता संपत असेल तर पुस्तक खाली ठेवा. कुळांची बाजू शोधायला मोडीही लागत नाही. जुने फेरफार, पीकपाहणीचे उतारे, कूळकायद्याच्या दाव्यांचे निकाल बघा. तेवढेही केलेले नसते.

माजघर:
टोमणा वगळून मुद्दा मान्य. पण मलाही एक सांगा, खोताच्या घरातले कबुलायतीचे (कुळाने लिहून दिलेल्या कराराचे) आणि वसुलीचे कागद कोणी छापलेच नाहीत, तर त्या आधीच्या पिढ्यांतल्या कुळांची नावे तुम्ही कुठून आणणार? हवेतून?

ओली भिंत:
सूची, सन, खोत, सगळे खरे. पण पुस्तक पहिल्या पावसाळ्यानंतर उघडते का? जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे 2022 ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून स्थानिक इतिहासातही चकचकीत छपाईचा सोस दिसतो. आर्ट पेपर आणि वर गम बायंडिंग, म्हणजे कोकणातल्या हवेला आमंत्रण. आर्ट पेपरवर खनिज मातीचा लेप असतो. पाने भिजली आणि तशीच दाबून सुकली की एकमेकांना चिकटतात. सोडवायला गेलात तर चित्रासकट लेप निघतो. जे करायचे ते ओले असतानाच. पानापानांत बटर पेपर घाला, पुस्तक उभे करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. सुकल्यावर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

गमाची गोष्ट तीच. कागदाची पाठ खरवडून डिंक तंतूंत मुरावा लागतो. लेपाच्या कागदात तो मुरत नाही, म्हणून नेमकी चित्रांचीच पाने आधी हातात येतात. दुकानात पुस्तक चार-पाच ठिकाणी उघडून बघा. सोळा पानांचे फॉर्म दोऱ्याने शिवलेले असतील तर प्रत्येक फॉर्मच्या मधल्या घडीत टाके दिसतात. टाके नाहीत आणि पाठ करकरते, तर घेऊ नका.

पोफळ:
कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या की झाले. एवढे काय त्यात?

ओली भिंत:
काही होत नाही. डांबरगोळीने कसर पळते, बुरशी नाही. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याखाली उतरते कुठे? बाहेरच्या भिंतीला टेकवलेले काचेचे कपाट सगळ्यांत वाईट. भिंतीपासून दोन-तीन इंच सोडा, पुस्तके गच्च कोंबू नका, उघडीप मिळाली की दारे उघडा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधणारे महाभाग तर ओल आतच कोंडतात. पिशवीच हवी असेल तर आधी पुस्तक कोरडे हवे, आत सिलिका जेल हवे, आणि ते वेळोवेळी तापवून परत घालायला हवे.

पोफळ:
म्हणजे पुस्तकासाठी घर बदला आता.

सड्यावरचा:
धागा पुस्तकांचा आहे की सुतारकामाचा?

ओली भिंत:
तुमची सूची बुरशीने खाल्ली की 599 कशात मिळवणार? लेखकांना सन शिकवता, प्रकाशकाला शिवण विचारायला जीभ का अडखळते?

सड्यावरचा:
विचारतो. पण कातळशिल्पाला आर्ट पेपर लागतोच कशाला? भर दुपारी वरून काढलेल्या फोटोत जांभ्यावरची कोरीव रेघ दिसतच नाही, सावली पडायला तिरपे ऊन लागते. त्यापेक्षा मापपट्टी आणि उत्तर दिशा दाखवणारे रेखाचित्र साध्या मॅपलिथोवर (बिनलेपाच्या कागदावर) छापा. स्वस्त, टिकाऊ, आणि अभ्यासाला जास्त उपयोगी. फक्त देवाचे गोठणेसारख्या ठिकाणी होकायंत्रावर दिशा ठरवू नका, तिथे सुई भरकटते.

ओली भिंत:
चला, काहीतरी पटले म्हणायचे.

खाडीपलीकडे:
यादीत कादंबऱ्याही होत्या, आठवतेय का कोणाला? दापोलीचा माणूस ‘माका नको’ म्हणतो तिथे मी पुस्तक मिटतो. कोकण म्हणजे फक्त मालवण का? संगमेश्वरी, बाणकोटी, आगरी, दालदी या बोली गेल्या कुठे? आणि तपशील! जुलैत ट्रॉलर खोल समुद्रात, जेव्हा 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. डिसेंबरात पडवीत हापूसची अढी, जेव्हा कलमांवर मोहोर. प्रवीण बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला 2022 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, तोही सावंतवाडीत राहून लिहिणाऱ्या माणसाला. तरी यादीवाल्यांचे कोकण अजून माडाखालीच बसलेले.

इन्सुलकर:
मालवणी लोकांका कळता म्हणान लिवतत. तुमी आगरीत लिवा, कोणी अडवल्यान?

खाडीपलीकडे:
लिहितात हो, आगरीत. तुमच्या यादीत येत नाहीत एवढेच.

यादीवाली:
यादी माझी. ‘संग्रही असावेच’ हे शब्द मागे घेते, पुस्तके नाही. एवढ्या विद्वानांत कवितेबद्दल एका ओळीचेही मत नाही, हेही नोंदवून ठेवते. ऐंशी पानांचा संग्रह म्हणजे पाच फॉर्म. त्यातली दहा-बारा पाने ज्येष्ठांची प्रस्तावना खाते. ती सोडून मधलाच फॉर्म उघडा, कारण बरे ते सगळे सुरुवातीला लावलेले असते. सड्यावर खाण आली, बारसूत रिफायनरीविरोधात लोक उन्हात आडवे झाले, बागेत हत्ती शिरले, हे कवितेत आले आहे की अजून ‘सागरा’ला हाका मारणे चालू आहे, ते दोन मिनिटांत कळते. बाकी तुमच्या आज्ञेनुसार यादीत नवे रकाने घालते: सूची, सन, नकाशा, टाके. खोतासाठी वेगळा रकाना हवा का?

तिर्धेली:
हवा. ‘कागद कोणाकडचे’ असा.

सड्यावरचा:
सनाच्या रकान्यात ‘बरोबर’ लिहून मोकळ्या होऊ नका. प्रत्येक पुस्तकातला जानेवारी ते मे मधला एक कागद घ्या आणि हिशेब स्वतः करा. जून ते डिसेंबरच्या कागदावर कोणीही पास होतो.

माजघर:
आणि लेखकाने मूळ मजकूर छापला असेल तर चुकलेला सनही पाच मिनिटांत दुरुस्त होतो. तेवढ्यासाठी तरी माझे ग्रामेतिहास यादीत ठेवा.

सड्यावरचा:
मूळ मजकूर छापलेले ठेवा. बाकीचे पोफळीच्या कपाटात, डांबरगोळ्यांसकट.