हाताने रंगवलेल्या लोकरीचा स्टॉल

प्रश्न : पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी मंजिष्ठा, हळद आणि निळीने रंगवलेल्या लोकरीच्या लडी विकण्याची माझी मनापासून इच्छा आहे, परंतु एकाच रंगाच्या दोन खेपा जुळत नाहीत, तेव्हा गिऱ्हाइकाला काय सांगावे?

उत्तर १ : ताई, प्रत्येक लडीवर खेपेचा क्रमांक लिहावा आणि एका स्वेटरची सगळी लोकर एकाच खेपेतून घेण्यास आवर्जून सांगावे. रंग लोकरीवर पक्का बसावा म्हणून तिच्या वजनाच्या १५ टक्के तुरटी मोजून वापरली, तरी पाण्याच्या जडपणानुसार, म्हणजे त्यातील क्षारांनुसार, मंजिष्ठेची लाली बदलतेच.

उत्तर २ : हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो, म्हणून त्या लडी सावलीतच टांगाव्यात; माझ्या मते झेंडू अधिक भरवशाचा.

उत्तर ३ : निळीची लडी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळावी, फडके निळे झाले, तर ती पुन्हा धुवावी.