एसी लावल्यावर फिरणारा रेडिएटरचा पंखा एरवी आपोआप का सुरू होत नाही?

प्रश्न:
माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी जुनी हॅचबॅक आहे. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्याच्या थोडा खाली स्थिर असतो. मात्र कात्रजच्या बाजूला वाहतूक कोंडीत गाडी रखडली की काटा चढू लागतो आणि रेडिएटरचा पंखा काही सुरू होत नाही. अशा वेळी एसी लावला, तर पंखा लगेच फिरतो आणि काटा उतरतो. फ्यूज शाबूत आहे. गॅरेजमध्ये पंख्याची मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

पहिले उत्तर:
घाई करू नका. गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो आणि पंख्याची खरी गरज गाडी उभी असताना किंवा रांगत असताना लागते, त्यामुळे आपण दिलेली लक्षणे पंखा न लागण्याशी जुळतात. पण जो पंखा एसीबरोबर फिरतो, त्याची मोटर निकामी कशी असेल? मात्र आधी एक खात्री करा. काही गाड्यांत दोन पंखे असतात आणि एसीबरोबर फिरणारा पंखा कंडेन्सरचा (एसीतील वायू थंड करणाऱ्या जाळीचा) असू शकतो. एकच पंखा असेल किंवा रेडिएटरचाच पंखा फिरत असेल, तर मोटर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी पाहा. गरम असताना ते कधीही उघडू नये, कारण दाबाखालील कूलंट उसळून अंगावर येते. पातळी खाली गेलेली असेल, तर सेन्सरभोवती द्रवाऐवजी हवा राहते, त्याला खरे तापमान कळत नाही आणि पंख्याला आदेशच जात नाही.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे. पुढची पायरी गाडीच्या रचनेवर ठरते. जुन्या रचनेत रेडिएटरलाच थर्मोस्विच बसवलेला असतो, जो साधारण 90 ते 100 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पंख्याचे सर्किट जोडतो. त्याचा कनेक्टर काढून त्यातील दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने जोडली आणि इग्निशन चालू केल्यावर पंखा फिरला, तर दोष बहुधा स्विचचा असतो. मात्र थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला असेल, तर गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नाही आणि निर्दोष स्विचही गप्प बसतो. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचा खालचा होज थंड लागत असेल, तर संशय तिकडे घ्यावा.

नव्या रचनेत इंजिनावरील सेन्सरचे संकेत ईसीयू (इंजिनाचा संगणक) वाचतो आणि तोच रिले (पंख्याला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) चालवतो. इंजिन चालू व एसी बंद ठेवून या सेन्सरचा कनेक्टर काढून पाहा. संकेत तुटल्याचे कळताच अनेक गाड्यांचा ईसीयू खबरदारी म्हणून पंखा सुरू करतो (चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याने घाबरू नये). पंखा सुरू झाला, तर रिले आणि वायरिंग ठीक समजावे व सेन्सर तपासावा. मल्टिमीटर असेल, तर सेन्सर तापत जाईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होताना दिसला पाहिजे.

काट्यावर मात्र विसंबू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो, त्यामुळे काटा चढताना दिसत असूनही ईसीयूला इंजिन गारच वाटू शकते.

प्रश्नकर्ता:
कूलंटची पातळी ठीक आहे आणि पंखा एकच आहे. सेन्सरचा कनेक्टर काढताच पंखा फिरू लागला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आढळला. दुरुस्ती होईपर्यंत पंख्यासाठी डॅशबोर्डवर थेट स्विच बसवून देतो, असे एका इलेक्ट्रिशियनचे म्हणणे आहे.

तिसरे उत्तर:
पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून कनेक्टर घट्ट बसवा आणि एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी तापू द्या. तरीही पंखा लागला नाही, तर सेन्सर बदला. तो मोटरच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त असतो.

थेट स्विचचा मार्ग मला पटत नाही. पंखा 10 अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह खेचतो, रिलेशिवाय जोडलेला साधा स्विच तेवढ्याने तापतो, आणि चालकाला कोंडीत बटण दाबायचे भान राहिले नाही, तर इंजिन फार तापून हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाखालील सीलचा) खर्च गळ्यात पडतो. तपासणी करताना हात आणि ओढणी, मफलर यांसारखे कपडे पंख्यापासून दूर ठेवा, कारण काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही पंखा अचानक फिरू लागतो.