मदत हवी आहे : उर्सुला ल ग्विनवर बोलायचंय, वाचून काय दाखवू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर मला अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) यांच्यावर अर्धा तास बोलायचं आहे. श्रोते बहुतेक निवृत्त, भरपूर वाचलेले, पण फँटसी म्हटलं की 'पोरांचं काहीतरी' म्हणणारे.

बाईंचा संसार चारचौघींसारखाच. पोर्टलंडमधलं घर, इतिहासाचे प्राध्यापक नवरा, तीन मुलं. मुलं लहान होती तेव्हा ती झोपल्यावर लिहायच्या. वडील मानववंशशास्त्रज्ञ, म्हणून की काय, त्यांच्या काल्पनिक बेटांवरही चालीरीती आणि व्यापारउदीम असतो, नुसते ड्रॅगन नाहीत. १९६८ साली आलेल्या 'अर्थसी' या त्यांच्या फँटसी कादंबरीमालेतल्या पहिल्या पुस्तकाचा नायक तांबूस-तपकिरी रंगाचा. टीव्ही मालिकेत तो गोरा झाला, तेव्हा त्यांनी जाहीर निषेध केला. २०१४ साली नॅशनल बुक फाउंडेशनचं पदक घेताना, पुस्तक म्हणजे फक्त विकायचा माल समजणाऱ्या प्रकाशकांना त्याच व्यासपीठावरून सुनावलं! (मला हाच भाग सगळ्यात आवडतो, पण त्यावरच अर्धा तास जाईल.)

आता अडचण. ओमेलास शहराची छोटी कथा वाचावी असं वाटतंय : एका कोंडलेल्या मुलाच्या हालांवर अख्ख्या गावाचं सुख उभं. चर्चा हमखास रंगेल. पण त्यात जादू जवळपास नाहीच, मग फँटसीबद्दलचं मत बदलणार कसं? त्यापेक्षा 'अर्थसी'तला एखादा उतारा घ्यावा का? कुठला? आणि त्यांच्या कथांचा मराठी अनुवाद कुणाच्या पाहण्यात आहे का? नसेल तर दोन पानं मीच करीन, कुणी तपासून देईल का?