येऊरला दिवसा दिसलेले तीन पतंग (मॉथ), ओळख पटवायला मदत हवी

पानखाऊ:
ठाण्याजवळच्या येऊरला सकाळी दहाच्या सुमारास तीन पतंग दिसले. पहिला गवताच्या शेंड्यावर: काळा, पंखांत पारदर्शक खिडक्या, पोटावर पिवळे पट्टे, थेट गांधीलमाशी. दुसरा पांढरा, त्यावर लाल-काळे ठिपके. पाय पडला की उडतो आणि चार-पाच फुटांवर पुन्हा गवतात बसतो. तिसरा तळहाताएवढा, तपकिरी, पुढच्या पंखांवर मोठा डोळा, सुक्या ओहोळाच्या सावलीत. फोटोवरून नाव सुचवणाऱ्या अ‍ॅपने पहिल्याच्या दोन फोटोंना दोन वेगळी नावं दिली. कोणतं धरायचं?

कुसळ:
सध्या कोणतंच नको. पहिला अमाटा किंवा सिंटोमॉइडीस या दोन वंशांपैकी एकातला आहे, हा खराखुरा दिवसा उडणारा पतंग. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याएवढी असते, याला कंबरच नसते. मागचे पंख इतके लहान की दोनच पंख आहेत असं वाटतं. उडणंही संथ, पक्षी वाटेला जात नाहीत म्हणून घाई नाही.

पोटाचे पट्टे मोजा. दोनच ठळक पिवळे पट्टे, एक बुडाशी आणि एक त्याच्या बरंच खाली, शिवाय मानेवर पिवळी कड, असं असेल तर सिंटोमॉइडीस इमाऑन. जवळपास प्रत्येक वळ्यावर पट्टा असेल तर अमाटा, आणि तिथे जातीचं नाव वरच्या एका फोटोवरून ठरत नाही. खिडक्यांची संख्या आणि आकार लागतो, तोही पुढच्या आणि मागच्या दोन्ही पंखांचा. तुमच्या दोन फोटोंत मागचा पंख बहुधा एकात झाकलेला असणार, म्हणून अ‍ॅप गोंधळलं.

फोटो असे घ्या: एक वरून, एक बाजूने पोट दिसेल असा, एक समोरून. खिडक्यांमुळे फोकस आरपार जाऊन मागच्या गवतावर बसतो, तेव्हा अंगावर बोट दाबून फोकस लॉक करा. फ्लॅश नको, खिडक्या पांढरे डाग होतात. जोडी शेपटीला शेपूट लावून बसली असेल तर उत्तम, तासन्‌तास हलत नाही. फक्त ते गवताचं पातं हातात धरू नका.

खुळखुळा:
दुसरा यूटेथाइसा वंशातला. आजूबाजूला खुळखुळ्याची झुडपं आहेत का बघा, याचे सुरवंट बऱ्याचदा त्या झाडावर वाढतात आणि त्यातलं विष अंगात साठवतात. भडक रंग त्याचीच जाहिरात. पण जात पुल्केलॉइडीस की लोट्रिक्स हे फोटोवरून सांगणारा माणूस छातीठोक असतो, बरोबर असेलच असं नाही. वंशापर्यंत थांबा.

तिसरा एरेबस वंशातला. हा रात्रीचा, दिवसा खडकाच्या कपारीत नाहीतर खोडाच्या सावलीच्या बाजूला बसतो. तुम्ही उठवलात म्हणून दिसला. मागे धावलात की दर वेळी आणखी आत जातो. त्यापेक्षा कुठे बसला तेवढं नजरेत धरा, दोन मिनिटं थांबा आणि बाजूने जा, सावली त्याच्यावर पडू देऊ नका.

मोजमापासाठी शेजारी नाणं ठेवू नका. एक रुपयाचीच नाणी दोन-तीन आकारांची चालू आहेत. छोटी पट्टी बरी.

पानखाऊ:
धन्यवाद! पट्टे दोनच आहेत, मानेवर पिवळंही आहे. आणखी एक: घोडबंदर रोडच्या सोसायटीत संध्याकाळी 'हमिंगबर्ड' आल्याचं सगळे सांगतात. तोही पतंगच ना?

कुसळ:
हो. भारतात हमिंगबर्ड नाहीत. पंख पारदर्शक आणि अंग हिरवट असेल तर सेफोनोडीस हायलस. कोषातून निघतो तेव्हा पंखांवर करडे खवले असतात, पहिल्याच उड्डाणात ते झडतात. सोसायटीत अनंताचं झाड असेल तर पानांखाली शेपटीकडे शिंग असलेला सुरवंट शोधा. माळ्याला कीटकनाशक मारू नका म्हणून आधी सांगावं लागेल, तो वेगळा विषय. पंख तपकिरी असतील तर मॅक्रोग्लॉसम. फोटोसाठी पाठलाग नको. घाणेरीच्या एकाच ताटव्यापाशी उभे राहा, तो फिरून तिथेच येतो. शटर 1/2000 च्या आसपास, मोबाइल असेल तर स्लो-मोशन व्हिडिओ घेऊन फ्रेम काढा.

दिव्याखाली:
एक जागा सगळेच विसरतात: रात्रभर दिवा जळणारी भिंत. शौचालय, पाण्याची टाकी, कुठलीही. रात्री आलेले पतंग सकाळी तिथेच चिकटलेले असतात. उजाडताच जा, बुलबुल आणि कोतवाल नाश्ता उरकायच्या आत. आठनंतर खाली नुसते पंख सापडतात.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, त्यामुळे पडदा आणि दिवा लावून रात्री पतंग बोलवायचे तर वनखात्याची परवानगी हवी. मेलेला नमुनासुद्धा घरी आणू नका. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची साइट) टाकताना एकाच पतंगाचे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला, आणि कोणत्या झाडावर होता ते लिहा. मग मॉथ्स ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर भारतातल्या फोटोंशी ताडून पाहा. अ‍ॅप बऱ्याचदा भलत्याच देशातली जात सुचवतं.

पानखाऊ:
तपकिरी पंख, पोटाच्या टोकाला झुपका. म्हणजे मॅक्रोग्लॉसम. एरेबसचा फोटो उद्या टाकतो, त्यात एकच पंख स्पष्ट आहे.

खुळखुळा:
टाका. त्या पंखावरचा डोळा नीट दिसत असेल तर चालेल.