द्रव धातू तापवल्यावर लगतचे अणू जवळ कसे येतात?

प्रश्न (हिंगणा, नागपूर)

नमस्कार. मी एमआयडीसीतील अॅल्युमिनियमच्या ओतशाळेत काम करतो आणि सोबत धातुशास्त्राचा अभ्यासही करीत आहे. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळताना त्याचे आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी वाढते आणि पुढे तापवत गेल्यास रसाची घनता आणखी घटते, हे ओतकामात सतत ध्यानात ठेवावे लागते. मात्र क्ष-किरण विवर्तनाच्या (पदार्थावरून विखुरलेल्या क्ष-किरणांवरून अणूंची मांडणी शोधण्याच्या) अभ्यासांत असे वाचले, की अनेक द्रव धातूंमध्ये तापमान वाढल्यावर अणूंमधील अंतरांच्या आलेखातील, लगतच्या अणूंचे अंतर दाखवणारे पहिले शिखर किंचित कमी अंतराकडे सरकते. द्रव प्रसरण पावत असताना अणू जवळ कसे येतील?

उत्तर १ (अध्यापक, नागपूर)

हा विरोध वरवरचा आहे. घन अॅल्युमिनियममध्ये प्रत्येक अणूभोवती ०.२८६ नॅनोमीटर अंतरावर बारा शेजारी असतात. द्रवात ही ठरावीक रचना टिकत नाही आणि शेजाऱ्यांची सरासरी संख्या साधारण अकरापर्यंत उतरते. तापमान वाढते तसे पहिले शिखर बुटके आणि रुंद होते, त्यापलीकडची शिखरे लवकर पुसट होतात आणि शेजारी आणखी कमी होतात. द्रवाचे आकारमान केवळ लगतच्या अंतरावर नव्हे, तर त्या अंतरावर किती अणू आहेत यावरही अवलंबून असते. म्हणून शेजारी विरळ झाले, की उरलेल्यांचे अंतर थोडे घटूनही द्रव एकंदरीने प्रसरण पावू शकतो.

उत्तर २

वरील स्पष्टीकरणात एक महत्त्वाची भर घालावीशी वाटते. शिखराचे स्थान म्हणजे सर्वाधिक संभाव्य अंतर, सरासरी अंतर नव्हे. तापलेले अणू अधिक ऊर्जेने परस्परांवर आदळतात, त्यामुळे ते एकमेकांच्या अधिक जवळ जाऊ शकतात. दुसरीकडे दूरच्या बाजूला अंतरांच्या वितरणाची शेपटी लांबते. असे वितरण असममित झाले, की शिखर आत सरकले तरी शेजाऱ्यांचे सरासरी अंतर वाढलेले असू शकते. केवळ शिखर पाहून ‘बंध आखूड झाले’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सर, गॅलियमलाही हेच लागू होते का?

उत्तर १ (अध्यापक)

गॅलियम वेगळे आहे. ते २९.८ अंशांना, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात सावलीतही वितळते आणि वितळताना आकुंचन पावते. त्याच्या स्फटिकात प्रत्येक अणूचा एकच शेजारी फार जवळ असतो, इतर सहा जोडीजोडीने दूर असतात. वितळल्यावर ही विषमता बरीचशी मोडते आणि अणू अधिक दाटीने बसतात. तरीही वितळणबिंदूजवळच्या द्रवाच्या विवर्तन-आलेखात मुख्य शिखराच्या उजव्या अंगाला एक खांदा, म्हणजे छोटा फुगवटा, दिसतो. अणू म्हणजे पूर्ण विस्कळीत, टणक गोलांची गर्दी असती, तर तो दिसला नसता. तापमान वाढवत नेले, की तो हळूहळू विरतो. त्यामुळे अॅल्युमिनियमवरून काढलेला नियम गॅलियमवर जसाच्या तसा लावू नये.