टीमसाठी किंवा जवानांसाठी अख्खं विमान घेतात तेव्हा आत नक्की काय काय चालतं?

गिरगावची_स्वाती:
नमस्कार मंडळी. ४ जुलै २०२४ ला मी मरीन ड्राइव्हवर होते, लेकाला घेऊन, दुपारपासून उभी, पाय अक्षरशः मोडून आले पण वर्ल्ड कप जिंकलेली टीम डोळ्यांनी बघितली. लेक तेव्हा अकराचा, क्रिकेटपेक्षा विमानांचं वेड जास्त. त्याने तेव्हापासून डोकं खाल्लंय की आई, एअर इंडियाचं विमान बार्बाडोसला जातच नाही तर मग हे आलं कुठून? त्या फ्लाइटचा नंबर एआयसी२४डब्ल्यूसी होता हे त्याला पाठ आहे, आणि दिल्लीहून मुंबईला आणणारं विस्ताराचं विमान यूके१८४५ होतं, म्हणजे विराटचा १८ आणि रोहितचा ४५. तर असं अख्खं विमान कसं मिळतं, जाताना रिकामं जातं का, त्याचे पैसे कोण भरतं? आणि जवानांना नेतात तेही असंच का? कुणी या लाइनमधलं असेल तर प्लीज नीट सांगा, मला त्याला उगाच काहीतरी सांगून गप्प बसवायचं नाहीये.

लोडशीट_अंधेरी:
स्वातीताई, तुमच्या लेकाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी चौदा वर्षं मुंबईत लोड कंट्रोलला आहे, म्हणजे विमानात किती वजन, कुठे ठेवायचं, याचा हिशोब करणारा माणूस, तर माझ्या बाजूने सांगतो.

चार्टरमध्ये, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घेण्यात, उडणं हा सोपा भाग, अवघड भाग म्हणजे विमान तिथे पोचवणं. फायनल २९ जूनला, मग बेरिल वादळ आलं, बार्बाडोसचा एअरपोर्ट बंद, टीम हॉटेलमध्ये अडकली. भारतातून मोकळं विमान तिकडे पाठवण्यापेक्षा अमेरिकेत आधीच असलेलं जवळ पडतं, म्हणून ते बोइंग ७७७ नेवार्कहून गेलं. (त्यावरून नेवार्क-दिल्लीच्या पॅसेंजरांची गैरसोय झाल्याच्या बातम्या आल्या आणि डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान खात्याने, अहवाल मागवला, तेही लक्षात असू द्या, एकाला विमान दिलं की कुणाची तरी सीट जाते.) असं रिकामं विमान नेण्याला आम्ही फेरी म्हणतो आणि फेरीचं बिल ज्याने चार्टर घेतलंय त्याच्याच खात्यात जातं. भाडं तासावर लागतं, तेही इंजिन लावून निघाल्यापासून पार्क होईपर्यंतचं, वर इंधन, लँडिंग, वाटेतल्या देशांवरून जायचे पैसे, क्रूचं हॉटेल. क्रूचं तर आधी बघावं लागतं, ब्रिजटाउन (बार्बाडोसची राजधानी) ते दिल्ली सोळा तासांच्या आसपास, दोन पायलट पुरत नाहीत, जास्तीचे लागतात आणि ते आधीच पोचून झोपलेले हवेत. ज्या एअरपोर्टवर आपला एकही माणूस नाही तिथे सामान कोण चढवणार, जेवण कोण देणार, इंधनवाला उधारीवर देणार की रोख मागणार, हे सगळं फोनवर ठरतं.

आता माझं काम. रोजच्या फ्लाइटला आम्ही माणसाचं वजन तक्त्यातून धरतो, पुरुषाचं इतकं, बाईचं इतकं, मुलाचं इतकं. दोनशे वेगवेगळी माणसं असली की सरासरी बरोबर बसते. पण टीम म्हणजे सगळे एकाच घडणीचे, तिथे सरासरी फसते. एकदा एका टीमचं सामान रात्री दोनला आलं, कागदावर ८० बॅगा, आल्या १३७. मी खाली उतरून लोडरबरोबर एकेक काट्यावर घेतली, पॅड, हेल्मेट, एकेका बॅगेत सहा-सहा बॅटी, तिसाच्या आत एकही नाही, एक तर ४१ किलो. मॅनेजर घाई करत होते की सकाळी प्रॅक्टिस आहे, उशीर होतोय. मी म्हटलं साहेब, वजनाच्या हिशोबाची शीट नव्याने केल्याशिवाय हे विमान हलणार नाही. पन्नास मिनिटं गेली. परत तशी वेळ आली तर परत घालवीन.

अटलांटाची_मावशी:
वरच्या दादांचं वजनाचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी मूळची सांगलीची, अमेरिकेत केबिन क्रू म्हणून बरीच वर्षं काढली आणि त्यातली सहा वर्षं सैनिकांच्या चार्टरवर. कंपनीचं नाव नको.

इथे सिव्हिल रिझर्व्ह एअर फ्लीट म्हणून व्यवस्था आहे, सगळे नुसतं क्राफ म्हणतात. एअरलाइन्स सरकारला लिहून देतात की गरज पडली तर आमची अमुक विमानं तुमची, आणि त्याच्या बदल्यात शांततेच्या काळातली सैन्याची वाहतूक त्यांना मिळते. प्रत्यक्ष हुकूम तीनदाच निघालाय, १९९० मध्ये कुवेतच्या वेळी, २००३ मध्ये इराक आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल. काबूलला १८ विमानं मागवली होती पण ती काबूलमध्ये उतरली नाहीत, लष्करी विमानांनी लोकांना बाहेरच्या तळांवर आणलं आणि तिथून पुढे ह्यांनी नेलं. बाकी वर्षभर जे चालतं ते साध्या कंत्राटावर.

आमच्या फ्लाइटला रायफली केबिनमध्येच असायच्या, गोळ्या नाहीत, पायाशी जमिनीवर आडव्या. ट्रॉली नेताना बघून न्यावी लागायची. जाताना विमान गच्च आणि गप्प, एकोणीस-वीस वर्षांची पोरं, जेवण पुढे ठेवलं की थँक यू मॅम म्हणायची आणि परत खिडकीबाहेर. येताना मात्र मेन राज्यात बँगोरला उतरलो की रात्रीचे तीन असोत, बाहेर बर्फ असो, आजीआजोबा रांगेत उभे असायचे हात मिळवायला, आणि हातात मोबाइल द्यायचे, घरी फोन कर बाळा म्हणून. ती रांग मी कितीदा बघितली तरी दर वेळी घसा दाटायचा.

आणि वजनाचं म्हणाल तर आम्हाला ट्रेनिंगमध्ये गँडर शिकवलं होतं. १२ डिसेंबर १९८५, अ‍ॅरो एअरचं डीसी-८ विमान, इजिप्तच्या सिनाईमधून सहा महिन्यांची ड्युटी संपवून ख्रिसमसला घरी निघालेले २४८ सैनिक आणि ८ क्रू. कॅनडात गँडरला इंधन घेऊन उडालं आणि लगेच पडलं, कुणीच वाचलं नाही. चौकशी मंडळाच्या बहुमताने पंखांवरच्या बर्फाकडे बोट दाखवलं, चार सदस्यांना ते पटलं नाही. पण कागदावर एकेका सैनिकाचं वजन १७० पाउंड म्हणजे ७७ किलो धरलं होतं आणि सामानासकट खरं २२० च्या जवळ होतं. २४८ ने गुणून बघा. पाच टनांच्या वर फरक. आता एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान खातं, त्याच्या मार्गदर्शनातच आहे की टीम किंवा सैनिक असा गट असेल तर नेहमीची सरासरी लावू नका.

सातारा_फौजी:
मावशी, वाचून अंगावर काटा आला. मी सीआरपीएफमधून रिटायर. आपल्याकडचं सांगतो. पूर्वी रजेवर निघायचं म्हणजे श्रीनगर ते जम्मू गाड्यांच्या काफिल्यातून, रस्ता बंद असला की ट्रान्झिट कॅम्पात दोन-दोन दिवस बसा, तीस दिवसांच्या रजेतले चार असेच जायचे. सरकारने भाड्याने घेतलेलं विमान असायचं त्याला आम्ही कुरियर म्हणायचो पण त्यात नंबर लागायला पाहिजे ना. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आदेश निघाला की दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर, जाता-येता दोन्हीकडे, शिपायापासून एएसआय म्हणजे सहायक उपनिरीक्षकापर्यंत सगळ्यांना विमानाचं तिकीट, रजेवर जातानासुद्धा. ७ लाख ८० हजार जवानांना फायदा म्हणून सांगितलं होतं. चांगलंच झालं, पण आधी व्हायला पाहिजे होतं एवढंच मनात येतं. पहिल्यांदा विमानाने निघालो तेव्हा खाली तोच रस्ता दिसत होता, मी बनिहालपर्यंत खिडकीवरून नजर काढली नाही.

पेठेतला_स्ट्रायकर:
मी कोल्हापूरचा, फुटबॉल म्हणजे आमचा जीव. चार्टरचा विषय निघाला की मला शापेकोएन्सेच आठवतात. ब्राझीलचा छोटा क्लब, २०१६ मध्ये कोपा सुदामेरिकानाची फायनल खेळायला कोलंबियात मेदेयीनला निघालेला. २८ नोव्हेंबरच्या रात्री विमान डोंगरात पडलं, ७७ पैकी ७१ गेले, खेळाडू, कोच, पत्रकार. का तर इंधन संपलं! बोलिव्हियातल्या सांताक्रूझहून मेदेयीनचं अंतर त्या विमानाच्या टाकीला जेमतेम पुरणारं, वाटेत उतरून भरायचं ते भरलं नाही. मला प्रश्न असा की टीमने असं विमान घेतलंच कसं?

लोडशीट_अंधेरी:
भाऊ, ती लामिया नावाची लहान कंपनी, आणि पायलट स्वतःच तिचा भागीदार होता. क्लबला थेट ब्राझीलमधून निघायचं होतं पण ब्राझीलच्या विमान खात्याने परवानगी दिली नाही, कारण कंपनी ना ब्राझीलची ना कोलंबियाची, म्हणून टीम साध्या फ्लाइटने बोलिव्हियात गेली आणि तिथून हे विमान. मोठ्या एअरलाइनमध्ये पायलटने कमी इंधन घेतलं तर जमिनीवर बसून फ्लाइटचं नियोजन करणारा डिस्पॅचर अडवतो, मालकाला नाही म्हणायला माणूस असतो. जिथे पैसे वाचवणारा आणि विमान उडवणारा एकच, तिथे अडवणार कोण? म्हणून तुमच्या ओळखीचं कुणी कधी टीमसाठी विमान घेणार असेल तर ब्रोकरला भाडं विचारायच्या आधी हे विचारायला सांगा की विमान प्रत्यक्षात चालवणार कोण, परमिट कुणाच्या नावावर, आणि वाटेत थांबा कुठे. ब्रोकर फक्त जुळवून देतो, उडवत नाही.

गिरगावची_स्वाती:
सगळ्यांचे मनापासून आभार. फौजी दादा, तुम्हाला नमस्कार. काल रात्री लेकाला सगळं वाचून दाखवलं, गँडरचं वाचताना माझा आवाज अडकला. त्याने वही घेतली, माझं, त्याच्या बाबांचं, आजीचं आणि स्वतःचं वजन लिहिलं, बेरीज केली, आणि आता विचारतोय की दप्तर धरायचं का.

लोडशीट_अंधेरी:
धरायचंच. आणि अंदाजाने नाही, काट्यावर ठेवून.